छोट्या बागेत फुलपाखरे आणि पक्षी यावेत यासाठी कोणती झाडे निवडावीत?

प्रश्न
घरामागे साधारण 3 मीटर बाय 4 मीटर जागा आहे. तेथे मी दुहेरी पाकळ्यांची जास्वंद, गुलाब आणि एक लिंबू लावले आहे. फुले भरपूर येतात, परंतु फुलपाखरे क्षणभर घिरट्या घालून निघून जातात आणि मधमाश्या तर जवळजवळ दिसतच नाहीत. दोन-तीन झाडे बदलण्याची माझी तयारी आहे. लिंबाची पाने अळ्या कुरतडत आहेत; त्यांच्यावर फवारणी करावी का?

पहिले उत्तर
कृपया फवारणी करू नका. त्या अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसत असतील आणि वाढल्यावर हिरव्या होत असतील, तर त्या बहुधा लिंबाळी फुलपाखराच्या आहेत. म्हणजे ज्याची आपण वाट पाहत आहात ते आपल्या बागेत आधीच अंडी घालून गेले आहे. मकरंद फुलपाखरे अनेक फुलांतून घेतात, परंतु अंडी घालताना मादी ठरावीक वनस्पतीच शोधते, कारण अळीला दुसरी पाने चालत नाहीत. बिबळ्या कडवा या फुलपाखरासाठी अशी वनस्पती म्हणजे रुई. म्हणून झाड निवडताना त्याचे फूल पाहण्याआधी त्याचे पान कोण खाते हे विचारावे, असे माझे ठाम मत आहे. कुरतडलेली पाने दिसायला बरी नसतात, हे मान्य. पण निरोगी, मोठे झाड त्यातून सावरते.

दुसरे उत्तर
मधमाश्या का येत नाहीत, याचे कारण त्या दुहेरी पाकळ्यांत असावे. अशा फुलांत बहुतेक पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे पराग कमी मिळतो आणि पाकळ्यांच्या गर्दीतून मकरंदापर्यंत पोहोचणेही कठीण जाते. जास्वंद ठेवायचीच असेल तर एकेरी पाकळ्यांची लावा. तिच्यावर शिंजीर हा मकरंद पिणारा छोटा पक्षीही येतो. तुळशीच्या मंजिऱ्या खुडून टाकू नका, मधमाश्यांना त्या फार आवडतात. एका कोपऱ्यातील माती मात्र उघडी, न खणलेली राहू द्या, कारण एकट्याने राहणाऱ्या अनेक मधमाश्या जमिनीतच घर करतात.

प्रश्नकर्त्याचे उत्तर
मनःपूर्वक आभार. अळ्या आता तशाच राहू देईन आणि दुहेरी जास्वंद काढून एकेरी लावीन. रुईबाबत एक शंका आहे: घरात लहान मूल आहे, तरी ती लावावी का?

पहिले उत्तर देणारे
तर रुई लावू नका. तिचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होऊ शकते. तेवढ्या जागेत कढीपत्ता लावा. लिंबाच्या कुळातील असल्यामुळे त्याच्यावरही लिंबाळी अंडी घालते. पक्ष्यांनाही या अळ्यांचा उपयोग होतो, कारण दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिलांना प्रामुख्याने किडे आणि अळ्याच भरवते.