सोसायटीच्या ग्रुपवर रंगकामाच्या कोटेशनवरून निघालेला विषय

ए-२०३ (खजिनदार): सर्वांना नमस्कार. बाहेरच्या रंगकामाची तिन्ही कोटेशन आली आहेत. सगळ्यात कमीचं २४ लाखांचं आहे, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ४ लाख ३२ हजार वेगळे. रविवारच्या मीटिंगआधी सगळ्यांनी बघून ठेवा.

डी-३०४: दादा हे सव्वाचार लाख कुठेच वळते होत नाहीत का? आमच्या ऑफिसात तर क्रेडिट घेतात, म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी स्वतःच्या करातून वजा करतात

ए-२०३ (खजिनदार): नाही ताई. आपला मेंटेनन्स महिन्याला साडेसात हजारांच्या आत आहे म्हणून आपण सभासदांकडून जीएसटी घेत नाही, रजिस्ट्रेशन पण नाही. त्यामुळे लिफ्टची एएमसी (वर्षाचा देखभाल करार) असो, सिक्युरिटी एजन्सी असो की रंगकाम, त्यावरचा सगळा कर आपल्याच खिशातून जातो.

बी-५०१: आणि ज्याचं रजिस्ट्रेशन आहे तो सुखी आहे असं समजू नका. आमच्या भोसरीच्या वर्कशॉपमध्ये मोठ्या कंपनीला माल दिला की बिल आज फाडतो, पैसे येतात तीन-तीन महिन्यांनी, पण जीएसटी पुढच्याच महिन्यात भरावा लागतो, म्हणजे जो पैसा माझ्या हातात आलाच नाही त्यावरचा कर मी ओव्हरड्राफ्टमधून व्याज देऊन काढतो आणि सरकारला देतो. वर ज्याच्याकडून मी माल घेतला त्याने रिटर्न भरलं नाही तर माझं क्रेडिट अडकतं. चूक त्याची, पैसा माझा. २०१७ पासून हे चालू आहे. आधी कराचे चार स्लॅब, मग सतराशे साठ दुरुस्त्या, पोर्टल बंद, तारखा पुढे, लेट फी सुरुवातीला दिवसाला २०० रुपये. छोट्या माणसाने धंदा करायचा का दिवसभर सीएकडे बसायचं

सी-७०२: आधी काय होतं ते विसरू नका पण. एक्साइज वेगळा, व्हॅट वेगळा, सीएसटी म्हणजे केंद्राचा विक्रीकर वेगळा, राज्याच्या हद्दीवर ट्रक दोन-दोन दिवस उभे असायचे. मी पस्तीस वर्षं परचेसमध्ये काढली आहेत, मला विचारा. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये १२ आणि २८ टक्क्यांचे स्लॅब काढलेच ना. सुधारणा होते आहे, वेळ लागतो.

बी-५०१: काका एक कर असावा ह्याला माझा विरोध कधीच नव्हता, आजही नाही. ट्रकचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. पण स्लॅब कमी करा, रिटर्न सोपं करा हे व्यापारी, सीए, छोटे उद्योजक सगळे पहिल्या वर्षापासून ओरडून सांगत होते, तेव्हा कुणी ऐकलं नाही. ८ वर्षांनी केलं आणि केलं तेव्हा ते पण दिवाळीची भेट म्हणून सांगितलं. माझ्या शेजारच्या दोन गाळ्यांना त्या ८ वर्षांत कुलूप लागलं, त्यांना कसली भेट.

ए-१०१: आम्हा म्हाताऱ्यांच्या मेडिक्लेमवर पण १८ टक्के होते हो इतकी वर्षं. ज्या वयात प्रीमियम सगळ्यात जास्त त्याच वयात कर पण सगळ्यात जास्त. सप्टेंबर २०२५ पासून शून्य केला ते चांगलं केलं, पण आधी भरलेले गेले ते गेलेच.

सी-२०१ (सेक्रेटरी): कृपया राजकारण नको. ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे.

डी-३०४: काका हे राजकारण कसं, आपल्याच सव्वाचार लाखांचं चाललंय ना. रात्रीचे नऊ वाजलेत, कुणाला त्रास नाही, चालू द्या की

सी-२०१ (सेक्रेटरी): ठीक आहे. पण भाषा सांभाळून, आणि फॉरवर्ड टाकायचे नाहीत. स्वतःचं काय ते लिहा.

सी-७०२: मी स्वतःचंच लिहितो आहे. जागतिक परिस्थिती बघा. कोरोना आला, युक्रेनचं युद्ध झालं, तरी आपल्याकडे ८० कोटी लोकांना फुकट धान्य मिळालं, यूपीआय आलं, भाजीवाला पण स्कॅनर लावून बसतो. २०१२-१३ ला महागाई १० टक्क्यांवर होती, तेव्हा कोण बोलत होतं? एका माणसावर सगळं ढकलणं सोपं असतं.

बी-५०१: तेव्हा पण लोक बोलत होते काका, बोलले म्हणूनच तर २०१४ ला सरकार बदललं. आणि यूपीआयचं श्रेय मी द्यायला तयार आहे, फक्त ते नोटाबंदीमुळे आलं असं म्हणू नका, यूपीआय एप्रिल २०१६ मध्येच सुरू झालं होतं, नोटाबंदीच्या सात महिने आधी.

ए-१०१: नोटाबंदीचा विषय निघाला म्हणून लिहिते, एरवी मी ह्या ग्रुपवर फार लिहीत नाही. मी तेव्हा बँकेत काउंटरवर होते, रिटायरमेंट जवळ आली होती. ८ नोव्हेंबरला रात्री ८ वाजता टीव्हीवर जे सगळ्या देशाला कळलं तेच आम्हाला पण तेव्हाच कळलं. चलनातल्या ८६ टक्के किमतीच्या नोटा एका रात्रीत बाद, आणि नवीन दोन हजारची नोट एटीएमच्या ट्रेमध्ये बसत नव्हती, सगळी मशिन्स बदलून घ्यावी लागली. आज बदलायची मर्यादा चार हजार, उद्या साडेचार, मग दोन हजार, मध्येच बोटाला शाई लावा, रोज सकाळी नवीन सर्क्युलर. लोक आमच्यावर ओरडायचे, आम्ही कुणावर ओरडणार. एक बाई मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन माझ्यासमोर उभी होती, स्वतःच्याच खात्यातले पैसे मागत होती आणि मी देऊ शकत नव्हते. एवढ्या वर्षांच्या नोकरीत ग्राहकाला त्याचेच पैसे नाही म्हणायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

डी-३०४: काकू आमच्या गावाकडे तर जिल्हा बँकच होती सगळ्यांची, आणि तिला चार-पाच दिवसांत जुन्या नोटा घ्यायला बंदी केली, शेतकऱ्याचं खातंच तिथे, त्याने जायचं कुठे? बाबा तालुक्याच्या गावाला जाऊन दिवस दिवस उभे राहिले होते

बी-५०१: आणि शेवटी निघालं काय? रिझर्व्ह बँकेच्याच अहवालात आहे, १५ लाख ४१ हजार कोटींपैकी ९९.३ टक्के नोटा परत आल्या. म्हणजे जो काळा पैसा कागद होऊन जाणार होता तो बँकेत येऊन पांढरा झाला. रोख कमी होणार होती, तेव्हा साधारण १८ लाख कोटी चलनात होते, आज ३५ लाख कोटींच्या वर आहेत. आणि जी दोन हजारची नोट आणली ती मे २०२३ मध्ये मागे घेतली. मला कुणी सांगा ह्यातलं कुठलं उद्दिष्ट पूर्ण झालं.

सी-७०२: टॅक्स भरणारे वाढले. आणि हेतू वाईट नव्हता एवढं तरी मान्य करा.

बी-५०१: हेतूवर मी भांडतच नाहीये काका. नीट लिहितो, लांब होईल, वाचा.

त्रास झाला ह्याचा मला राग नाहीये. देशासाठी त्रास काढायला इथला माणूस कधी मागे हटला नाही, लोक रांगेत उभे राहिले, काही रांगेतच गेले, तरी कुठे दंगा झाला नाही. राग ह्याचा आहे की त्रास मागताना स्वतः टीव्हीवर येतात, ५० दिवस द्या म्हणून गोव्यात भाषण करतात, आणि काम झाल्यावर त्याचा हिशोब द्यायला कोणीच येत नाही. ९९ टक्के नोटा परत आल्या हे रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक अहवालात आपण शोधून वाचायचं. ज्यांनी रात्री ८ ला घोषणा केली त्यांनी एकदा तरी ८ वाजता येऊन सांगायला हवं होतं की हे अपेक्षित होतं, हे झालं, हे नाही झालं. आपल्या एजीएममध्ये पंपाच्या दुरुस्तीच्या साडेतीन हजारांवर अर्धा तास चर्चा होते, बिल दाखवा, दुसरं कोटेशन का नाही घेतलं, आणि खजिनदार बिचारे प्रत्येकाला उत्तर देतात. देशाच्या बाबतीत तोच प्रश्न विचारला की माणूस लगेच कुठल्यातरी पक्षाचा ठरतो.

पेट्रोलचं घ्या. २०१४ ला लिटरला केंद्राची एक्साइज साडेनऊ रुपये होती. २०२० च्या एप्रिलमध्ये लॉकडाऊनमुळे जगात क्रूड म्हणजे कच्चं तेल पिंपाला २० डॉलरच्या आसपास आलं, आपल्याला स्वस्त मिळायला हवं होतं, तर मे महिन्यात ड्युटी पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढवली, पेट्रोलवरची एक्साइज ३२.९८ वर नेली. कामगार घरी बसलेले, शॉप बंद, आणि वर्षभराने मुंबईत पेट्रोल शंभरी पार. नंतर २०२१ आणि २०२२ मध्ये कमी केली, पण २०१४ च्या पातळीला २०२५ पर्यंत तरी आली नव्हती. राज्याचा व्हॅट पण आहे, मान्य, त्यांना पण विचारायचं. पण क्रूड वर गेलं की आपण भरायचं आणि खाली आलं की सरकारने ठेवायचं हा नियम कुठे ठरला होता?

सी-७०२: ऑइल बाँड, म्हणजे तेल कंपन्यांना रोख पैशांऐवजी दिलेले सरकारी कर्जरोखे, कोणी काढले होते? ते फेडायला नकोत?

बी-५०१: फेडायलाच हवेत. ते बाँड साधारण १.३ लाख कोटींचे. एकट्या २०२०-२१ मध्ये पेट्रोल-डिझेलवरची एक्साइज साडेतीन लाख कोटींच्या वर जमा झाली. एका वर्षात सगळे फिटून वर उरले असते. म्हणून हिशोब विचारतोय.

आणि सप्टेंबर २०१९ आठवा. तेव्हा पिंपरी-चिंचवड पट्ट्यात गाड्यांची मागणी इतकी पडली होती की कंपन्या ब्लॉक क्लोजर घेत होत्या, म्हणजे काही दिवस कारखानाच बंद ठेवत होत्या, आमच्याकडे दोन शिफ्टची एक झाली, पोरं गावाला परत गेली. अर्थमंत्री म्हणाल्या तरुण लोक ओला-उबरने जातात त्याचाही परिणाम आहे. त्याच महिन्यात कॉर्पोरेट टॅक्स ३० वरून २२ टक्के केला, सरकारचाच आकडा होता वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींचा महसूल सोडला. आमची पार्टनरशिप फर्म आहे, आमचा कर ३० टक्के होता, ३० टक्केच राहिला. मी ज्यांना माल देतो त्या कंपनीला २२ आणि मला ३०. कमी शिकलेल्या पोरांना काम देणारे आमच्यासारखे छोटे गाळेच असतात, आणि सवलत गेली वरती. माझं सगळं म्हणणं ह्यात आलं काका, झळ खालच्याला आधी आणि सवलत त्याला शेवटी.

डी-३०४: दादा अगदी बरोबर. आमच्या निफाडकडे विचारा, कांद्याला जरा भाव यायला लागला की दिल्लीला जाग येते. ऑगस्ट २०२३ ला ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरला सरळ निर्यातबंदी, लासलगावला भाव धाडकन खाली आले. भाव पडतात तेव्हा शेतकरी रस्त्यावर कांदा ओततो त्याच्यासाठी रातोरात निर्णय झालेला मी तरी पाहिला नाही. आणि एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला २ हजार टनांची परवानगी दिली आणि आमचा लाल कांदा तसाच साठवणीच्या चाळीत, तेव्हा माझे बाबा जे कधी कुणाला वाईट बोलत नाहीत ते दोन दिवस जेवले नाहीत नीट. मतदानाच्या तोंडावर मे महिन्यात बंदी उठवली ती पण ४० टक्के शुल्क लावूनच. दिंडोरीत केंद्रीय मंत्री पडल्या, उगाच नाही पडल्या

सी-७०२: कांद्याबाबत मी सहमत आहे. ते चुकलंच. शहरातल्या लोकांना स्वस्त द्यायला शेतकऱ्याला मारायचं हे सगळ्याच सरकारांनी केलंय, पण ह्यांच्याकडून जास्त अपेक्षा होती.

डी-३०४: काका तुम्ही हे लिहिलंत बरं वाटलं. बाबांना दाखवते

ए-१०१: अपेक्षेचंच बोलता आहात तर आमचं पण ऐका. रेल्वेत ज्येष्ठांना सवलत होती, पुरुषांना ४० टक्के, बायकांना ५० टक्के. मार्च २०२० मध्ये कोरोनात म्हाताऱ्यांनी प्रवास करू नये म्हणून बंद केली, ते बरोबरच होतं. पण कोरोना गेला, गाड्या भरून धावायला लागल्या, सवलत काही परत आली नाही. मुलगी नागपूरला आहे, पेन्शनमध्ये दोघांचं जाण्या-येण्याचं थ्री एसीचं तिकीट काढायचं म्हणजे आधी औषधांचे पैसे बाजूला काढून मग बघायचं. माझ्या पीपीएफचं व्याज पण एप्रिल २०२० पासून ७.१ टक्क्यांवरच आहे, आधी ७.९ होतं. आम्ही आयुष्यभर बचत करा बचत करा म्हणून ग्राहकांची खाती उघडली, आता त्याच बचतीवर काही उरत नाही.

सी-७०२: रेल्वेमंत्री म्हणतात प्रत्येक तिकिटावर सरासरी ४६ टक्के सवलत आधीच आहे.

ए-१०१: ती सगळ्यांनाच आहे हो, तरुणांना पण. ज्येष्ठांची काढून घेतली ती काढूनच घेतली ना. संसदेच्या रेल्वेच्या स्थायी समितीने पण म्हटलं होतं की निदान स्लीपर आणि थ्री एसीला तरी परत द्या.

बी-५०१: काकू ह्यावर आपण खासदारांना पत्र देऊ या का? आपल्या चार बिल्डिंगमध्ये साठीच्या वरचे कितीतरी लोक आहेत. नुसतं ग्रुपवर लिहून पुढे काही होत नाही. संसदीय समितीच्या शिफारशीचा उल्लेख करायचा आणि साधा प्रश्न विचारायचा, तात्पुरतं म्हणून बंद केलेलं परत कधी चालू होणार, आणि होणार नसेल तर तसं लेखी द्या.

डी-३०४: माझी सही घ्या, माझं वय बसत नाही पण सासूबाईंचं बसतं

ए-२०३ (खजिनदार): सोसायटीच्या लेटरहेडवर नको, त्यासाठी कमिटीचा ठराव लागेल. सभासदांचं वैयक्तिक पत्र म्हणून द्या, फ्लॅट नंबर घालून.

सी-७०२: माझी आणि हिची दोघांची सही घ्या. मत मी त्यांनाच दिलं आहे म्हणून तर मला विचारायचा जास्त हक्क आहे. फक्त पत्रात नोटाबंदी, पेट्रोल वगैरे घालू नका, एकच विषय ठेवा, नाहीतर ते उघडून वाचणार पण नाहीत.

बी-५०१: नाही घालत काका, पटलं. मसुदा उद्या संध्याकाळी इथेच टाकतो. सरकारी पत्राची भाषा तुमच्याइतकी मला जमत नाही, तेवढं तुम्ही तपासून द्या. कांद्याचं वेगळं पत्र ताई तुम्ही बाबांना विचारून लिहा, त्यांच्या गावच्या सोसायटीच्या सह्या आल्या तर वजन पडेल.

डी-३०४: हो, शनिवारी गावाला जातेय, तेव्हाच लिहून घेते त्यांच्याकडून