‘जाब’, ‘जबाब’ आणि ‘वंशज’: टल्साच्या निमित्ताने

प्रश्न: अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरात ३१ मे आणि १ जून १९२१ रोजी गोऱ्या जमावाने ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती जाळली. त्याविषयीच्या मजकुराचा अनुवाद करताना घटनेला ‘दंगल’ म्हणावे का? तसेच वंशज मागतात त्या ‘अकाउंटेबिलिटी’ला ‘उत्तरदायित्व’ हा शब्द चालेल का?

उत्तर: ‘दंगल’ म्हणू नये, आणि हा निव्वळ चोखंदळपणा नाही. दंगल म्हटली की दोन बाजू एकमेकींवर धावून गेल्याचे चित्र उभे राहते. टल्सात ‘रायट’ हा शब्द विमा कंपन्यांच्या चांगलाच पथ्यावर पडला, कारण दंगलीतील नुकसान पॉलिसीतल्या कलमाने वगळलेले होते. ग्रीनवुडमधले हॉटेल आणि थिएटर गमावलेले विल्यम रेडफर्न याच कलमापायी १९२६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरले. १९९७ मध्ये नेमलेल्या चौकशी आयोगाच्या नावातही ‘रायट’ होताच. पुढे घटनेच्या शताब्दीसाठी नेमलेल्या आयोगाने २०१८ मध्ये आपल्या नावातून तो काढला आणि ‘मॅसकर’ घातला. मराठीत जालियनवाला बागेमुळे ‘हत्याकांड’ रुळलेला आहे, तोच घ्यावा.

‘उत्तरदायित्व’ अहवालात शोभते, पण ते पदाला चिकटलेले असते आणि मागणारा माणूस त्यात दिसत नाही. ‘जाब’ म्हटले की विचारणारा आलाच. ‘जाब’ आणि पोलिसांपुढचा ‘जबाब’ ही एकाच अरबी शब्दाची रूपे, तरी जबाब प्रायः घटना पाहिलेल्याचा नोंदवतात, तर जाब पणतवंडालाही विचारता येतो. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने आता कोणावरही खटला भरता येणार नाही असे अहवालात नमूद केले, तेव्हा तर ‘जाब’ अधिकच नेमका ठरतो.

पुरवणी: वरील मताशी सहमत आहे, पण ‘वंशज’ सरसकट वापरू नये. टल्सातील ओकलॉन दफनभूमीत सापडलेल्या, या हत्याकांडातील मृतांच्या अवशेषांतून पहिल्या महायुद्धातील सैनिक सी. एल. डॅनियल यांची ओळख २०२४ मध्ये पटली, ती त्यांच्या भावांच्या वंशजांच्या डीएनएवरून. ही मंडळी डॅनियल यांची वंशज नव्हेत. आपल्याकडे त्यांना ‘भावकीतले’ म्हणतात. जळालेल्या घरादुकानांच्या भरपाईचा विषय असेल तेथे ‘वारस’ लिहावे, कारण त्या शब्दात हक्क येतो. शिवाय ‘वांशिक हिंसाचारातील मृतांचे वंशज’ असे लिहिल्यास एकाच वाक्यात ‘वंश’ दोन अर्थांनी येतो. तेथे मी ‘मृतांची नातवंडे-पतवंडे’ असेच लिहीन.