गूगलकडून नेमकं काढून घ्यायचं कसं? (अनुभव धागा)

शोधायला जावं एक आणि पदरात पडावं भलतंच, हे आता रोजचंच झालंय. वर जाहिराती, खाली एकमेकांची नक्कल मारलेली पानं. तुम्ही यातून वाट कशी काढता? स्वतः वापरून पाहिलेलंच लिहा.

मुलुंडकर:
माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉकचा मथळा दर वेळी तोच, त्यामुळे कुठल्याशा वर्षीची बातमीही वर येते. शनिवारी रात्री 'टूल्स'मध्ये 'मागील 24 तास' लावायचं. गाळ निघतो.

दादरची मावशी:
शेजारच्या आजोबांनी फ्रिजवाल्यांचा कस्टमर केअर नंबर शोधला. पहिलाच नंबर लावला, तर पलीकडचा गोड बोलून मोबाईलची स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला सांगू लागला. वर 'फक्त दहा रुपये भरा'. आजोबा बँकेतून निवृत्त, त्यांनी असा काही झापला की त्यानेच फोन ठेवला! तेव्हापासून आमच्या मजल्यावर नियम: नंबर बिलावरून किंवा वस्तूच्या स्टिकरवरून घ्यायचा, सर्चमधून नाहीच. पैसे गेलेच तर लगेच 1930 फिरवा.

चेंबूरवासी:
गावचा सातबारा शोधला की पैसे मागणाऱ्या साइट्सची जत्रा भरते. शोधशब्दांपुढे इंग्रजीत 'साइट', मग कोलन, आणि त्याला चिकटून 'गव्ह डॉट इन' लिहा. फक्त सरकारी पानं येतात. ते नाव सरकारी संस्थांनाच मिळतं. मात्र पत्त्याचा शेवट बघा, 'गव्ह' मध्येच घुसडणारे भामटे आहेत.

बोरिवलीची सून:
माझं दुखणं वेगळं. 'मधुमेह आहार' टाकलं की सगळं हिंदीत. सासूबाईंना वाचायला मराठी हवं. मग 'मधुमेहात काय खावे' असं अख्खं विचारायला लागले, मराठी पानं वर आली. शोधपट्टीशी मराठीतच बोलावं लागतं म्हणायचं!

गिरगावकर:
2024 च्या मे महिन्यात आलेलं 'वेब' फिल्टर कुणी वापरत नाही का? एआयचा सारांश नाही, व्हिडिओ नाहीत, नुसते दुवे.

गोवंडीकर:
आमच्या शिवाजीनगरचा दवाखाना शोधला की पुण्याचे दवाखाने येतात. उणे चिन्ह देऊन 'पुणे' लिहिलं तरी फरक पडेना.

चेंबूरवासी:
उणे आणि पुणे यांच्यात जागा सोडली असेल. चिकटवून लिहा. आणि 'गोवंडी' हा शब्द अवतरणचिन्हांत घाला, म्हणजे तो नसलेली पानं गळतील.

गोवंडीकर:
जागाच सोडली होती. आता जमलं. पहिल्याच दुव्यात ओपीडीची वेळ मिळाली.