मदत हवी आहे: भिंतीलगतचा एक्झोरा पिवळा पडतोय, चुना घालू की नको?

फोंड्याची_सून:
नमस्कार मंडळी. आमचं घर फोंड्याजवळ, पुढे अंगण, तुळशी वृंदावन आणि त्यापलीकडे कंपाउंडची भिंत. ती गेल्या उन्हाळ्यात नवीन घातली, चिऱ्याची, वरून सिमेंटचं प्लास्टर, आणि मिरगाच्या पावसावर तिच्या कडेने लाल एक्झोऱ्याची रांग लावली. पावसात छान धरली हो, काही बोलायला जागा नव्हती. पण चतुर्थी झाली, दसरा झाला, पाऊस गेला आणि ऊन तापायला लागलं तशी नवी पानं पिवळी यायला लागली, म्हणजे पान पिवळं पण शिरा हिरव्या, जाळी काढल्यासारख्या, शेंड्याची तर जवळजवळ पांढरीच. खालची जुनी पानं मात्र हिरवीगार. कळ्यांचे झुबके येतात आणि न फुलताच गळतात.

ह्याच झाडाच्या फांद्या मागच्या दारी पोफळींच्या कडेला लावल्यात, तिथे एक पान पिवळं नाही. पाणी दोन्हीकडे एकाच विहिरीचं.

सल्ले भरपूर मिळालेत. सासूबाई म्हणतात पाणी कमी कर. शेजारचे काका म्हणतात गोव्याची माती आंबट, माडाला घालतो तसा मूठ मूठ चुना घाल. नर्सरीवाल्याने १९:१९:१९ खताची पुडी दिली, ती घातली, काडीचा फरक नाही. आणि आमचे हे म्हणतात सगळं उपट आणि आंब्याखालपर्यंत लॉन कर. मला एवढंच सांगा, चुना घालू की नको? काका रोज संध्याकाळी विचारतात.

भाटकार_नव्हे_भाटातला:
पावसात खत धुवून गेलं असणार, दुसरं काय. आपल्याकडे चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जमीन जांभ्याची, नत्र राहील कुठे? शेणखत घाला, थोडा युरिया द्या, पंधरा दिवसांत हिरवं होतं.

डिचोलीकर:
वरच्यांचं पावसाबद्दल बरोबर आहे पण इथे नत्र नाही वाटत. नत्र कमी पडलं की आधी जुनी, खालची पानं पिवळी होतात, कारण झाड तिथलं काढून शेंड्याला पुरवतं. ताईंकडे नेमकं उलटं आहे. नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या म्हणजे बहुतेक लोह. लोह जुन्या पानातून नव्यात सरकत नाही, म्हणून शेंडा उपाशी.

आता कोणी म्हणेल आपल्या तांबड्या मातीत लोहाला काय तोटा, तो तांबडा रंगच लोहाचा. खरं आहे, पण माती आंबट असेल तरच मुळांना ते घेता येतं. सिमेंट-चुन्याने माती अल्कधर्मी झाली की लोह असून नसल्यासारखं, आणि एक्झोरा ह्या बाबतीत भारी नाजूक. भिंतीलगत पिवळा आणि मागे हिरवा, इथेच अर्धं उत्तर आलं. चुना अजिबात घालू नका! काकांचं माडाबद्दल चूक नाही, आंबट जमिनीत माडाला चुना देतात, पण एक्झोऱ्याला तो उपाय उलटा पडेल. मुळाशी हातभर खणून थोडी माती वाटीत घ्या आणि वर व्हिनेगर ओता. फसफसलं तर आत चुना आहे.

फोंड्याची_सून:
फसफसलं!! आणि खणताना काय काय निघालं विचारू नका, प्लास्टरचे खपले, चिऱ्याचे तुकडे, सिमेंटच्या गोणीची अख्खी चिंधी. गवंड्याने सगळा राडारोडा तिथेच पुरून वरून छान तांबडी माती पसरून दिली, पैसे मात्र माती भरायचे वेगळे घेतले. मागच्या दारची माती तशीच तपासली, ती गप्प. आता पुढे काय?

मडगाव_गच्चीवाली:
आधी एक रोप हलकेच उकरून मुळं बघा, गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे बारीक जंत, त्यानेही एक्झोरा असाच पिवळा पडतो. गाठी नसतील तर तात्पुरता उपाय म्हणजे हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचा क्षार), लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड, ढोकळ्यात घालतो तेच. ताजं करून ऊन उतरल्यावर पानांवर फवारा, आठ-दहा दिवसांनी परत. पानं आधी ठिपक्याठिपक्यांनी हिरवी होतात, घाबरू नका. आणि लाद्यांवर सांडू देऊ नका हं, गंजाचे डाग पडतात ते घासून जात नाहीत, वृंदावनाला तर आधी प्लास्टिक गुंडाळा. चिलेटेड आयर्न, म्हणजे मुळांना घेता येईल असं बांधून ठेवलेलं लोह, मातीत घालणार असाल तर पाकिटावर ईडीडीएचए बघून घ्या, स्वस्तातलं ईडीटीए अशा मातीत टिकत नाही.

डिचोलीकर:
फवारा म्हणजे ताप उतरवायची गोळी. राडारोडा काढल्याशिवाय खरं नाही. आत्ता मात्र झाडं उपटू नका, पुढे ऊन वाढतच जाणार. मुळांना धक्का न लावता जेवढं निघेल तेवढं काढा, त्या जागी मागच्या दारची माती आणि कुजलेलं शेणखत भरा. वर पालापाचोळा, नारळाची सोडणं उपडी घाला, फक्त बुंध्याला चिकटवू नका, वाळवी लागते. मग पुढच्या मिरगाला रांग भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे घ्या, भिंतीवरून पावसाचं पाणी चुना घेऊनच खाली येत राहणार. गंधक घालून माती आंबट करा असंही कोणी सांगेल, पण सिमेंटचे खपले आत असताना ते पैसे पाण्यात.

भाटकार_नव्हे_भाटातला:
मानलं, युरिया मागे घेतो. लॉनचं मात्र साहेबांना सांगा, आंब्याच्या दाट सावलीत गवत धरत नाही, वर पावसात शेवाळ. तिथे हळद, आलं लावा, सावलीत येतं आणि घरात लागतंही.

फोंड्याची_सून:
हळद चालेल, सासूबाई पानांच्या पातोळ्यांसाठी आधीपासून मागे लागल्यात. मुळांना गाठी नाहीत, बघितलं. हिराकस उद्या आणते. भिंतीलगतची जागा रिकामी होईल तिथे मग काय लावू, चुना चालणारं काही आहे का?

मडगाव_गच्चीवाली:
बोगनवेल लावा, तिला ऊन हवं आणि पाणी कमी. तरी तिलाही खड्डा साफ करूनच लावा. आणि त्याआधी माती तपासून घ्या, इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा करून कडेची माती खरवडायची, चार-पाच जागची एकत्र करून सावलीत वाळवायची, अर्धा किलो पुरते. कृषी खात्याच्या विभागीय कार्यालयात विचारा. भिंतीजवळची आणि मागची वेगवेगळ्या पिशवीत न्या, मिसळू नका.