मदत हवी आहे: एनजीसी ९३६ चा दंड आठ इंची दुर्बिणीतून दिसतो का?

नमस्कार मंडळी,

तिमिंगल तारकासमूहातली एनजीसी ९३६ ही भिंगाकार (सर्पिल फाटे नसलेली, तबकडीसारखी) दीर्घिका कोणी निवांत पाहिली आहे का? अंतर साधारण सहा कोटी प्रकाशवर्षं, पण मीरा ताऱ्याच्या ईशान्येला जेमतेम तीन अंशांवर असल्यामुळे शोधायला अवघड नाही. माझ्या आठ इंची डॉबमधून (डॉब्सोनियन दुर्बिणीतून) मध्यभागी जवळजवळ ताऱ्यासारखा ठसठशीत ठिपका दिसतो, भोवती पुसट उजेड. तिरक्या नजरेने पाहिलं की तो उजेड एका अंगाला किंचित लांबट वाटतो. हा तिचा तो प्रसिद्ध दंड (मध्यभागातून आरपार गेलेला ताऱ्यांचा लांबट पट्टा) समजायचा, की फोटो आधी पाहिलेले असल्यामुळे तसा भास होतोय?

शंका येते ती हर्शेलमुळे. विल्यम हर्शेल यांनी ही दीर्घिका ६ जानेवारी १७८५ रोजी शोधली आणि टाकली चौथ्या वर्गात, म्हणजे ग्रहासारख्या गोल बिंबाच्या ग्रहीय तेजोमेघांमध्ये! त्यांचा आरसा जवळपास एकोणीस इंचांचा. धातूचा असल्यामुळे आजच्या आरशांपेक्षा प्रकाश बराच कमी परतवायचा हे मान्य, तरी माझ्या दुर्बिणीपेक्षा त्यांना कितीतरी जास्त उजेड मिळत होता. एवढ्या तयारीच्या नजरेला ती गोल बिंबासारखी वाटली असेल, तर मला दंड दिसतो असं कोणत्या तोंडाने म्हणू?

आणखी एक, थोडं सैद्धांतिक. भिंगाकार दीर्घिकेत धूळ आणि नवे तारे फारसे नसतात, त्यामुळे दंड किती वेगाने फिरतो हे थेट मोजायची ट्रेमेन-वाइनबर्ग पद्धत तिथे चांगली लागू पडते. १९९५ मध्ये मेरिफील्ड आणि कायकेन यांनी याच दीर्घिकेसाठी दर किलोपार्सेकला (सुमारे ३,२६० प्रकाशवर्षांना) सेकंदाला सुमारे ६० किलोमीटर असा वेग काढला. म्हणजे एक फेरा साधारण दहा कोटी वर्षांचा. दंडाच्या लांबीच्या मानाने हा वेग चांगलाच आहे. कृष्णद्रव्याचं (न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणाने जाणवणाऱ्या पदार्थाचं) दाट कवच असतं तर त्याच्या ओढीने दंड मंदावायला हवा होता. मग आतल्या भागात कृष्णद्रव्य कमी आहे असं धरायचं, की दंडच तरुण आहे असं? या विषयातल्या जाणकारांनी जरा उलगडून सांगा.

दहा-बारा इंची दुर्बिणीतून पाहिलेल्यांनी किती मॅग्निफिकेशनला दंड वेगळा दिसला आणि कोणत्या दिशेने पसरलेला होता, ते लिहावं. फोटो नको, आयपीसला डोळा लावून काढलेलं रेखाटन असेल तर फार उपयोग होईल. माझं रेखाटन मुद्दाम आत्ता टाकत नाही, नाहीतर तुमचीही नजर त्याच दिशेला जाईल.