मदत हवी आहे : एकाच केबलचा रेझिस्टन्स दोन वेळा वेगळा येतोय

विहिरीवर 1 एचपीची सिंगल फेज मोटर आहे. मीटरपासून विहिरीपर्यंत 2.5 चौरस मिमी तांब्याची केबल 120 मीटर, म्हणजे जाऊन-येऊन 240. मधे जमिनीत एक जॉइंट आहे, तो गरम होत असेल अशी शंका आहे.

मोटर चालू असताना मीटरपाशी 229 व्होल्ट, विहिरीवर 214.5. क्लॅम्प मीटर 7.5 अँपिअर दाखवतो. 14.5 भागिले 7.5, म्हणजे केबल 1.93 ओहम.

मग मोटर बंद करून तिथेच 1500 वॅटचा पाणी तापवायचा रॉड लावला. व्होल्टेज तेच, 229 आणि 214.5, पण करंट 6.1. म्हणजे 2.38 ओहम!

तक्त्यात या केबलला 20 अंशांवर किलोमीटरला 7.41 ओहम आहे, म्हणजे 1.78. उन्हाळ्याचे 8 टक्के धरले तर 1.92. मोटरचा आकडा खरा असेल तर जॉइंट ठणठणीत. रॉडचा खरा असेल तर 0.46 ओहम जादा, आणि करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स केलं तर मोटर चालताना तिथे जवळपास 26 वॅट जळतायत. जमिनीतल्या जॉइंटला हे फार झालं.

दोन्ही टोकांचे व्होल्टेज दोघांनी एकाच वेळी घेतलेत, मीटर अदलाबदल करूनही पाहिले. टर्मिनल घासून आवळलेत. मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर इतका कमी रेझिस्टन्स नीट मिळत नाही. उभं पीक असल्याने आत्ता खोदता येणार नाही.

मोटरच्या पॉवर फॅक्टरमुळे (मोटरचा करंट व्होल्टेजच्या थोडा मागे राहतो, त्यामुळे) पहिला आकडा कमी येतोय का? आणि जॉइंट ठरवायला कोणता धरू?