मानेवाड्यातील घरावर मजला आणि गावच्या कोठ्याचे घर : परवानगीची सुरुवात कोठून करावी?

मानेवाडाकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नागपूरच्या मानेवाडा भागातील एका लेआउटमध्ये 30 बाय 50 फुटांच्या भूखंडावर आमचे घर आहे. वडिलांनी 1998 साली तळमजला बांधला तेव्हा लेआउट मंजूर नव्हता. पुढे मंजुरीविना पाडलेले भूखंड नियमित करणाऱ्या गुंठेवारी कायद्याखाली नागपूर सुधार प्रन्यासकडे (नासुप्र) डिमांड, म्हणजे मागणीची रक्कम भरून आर.एल. (नियमितीकरणाचे) पत्र मिळाले. तळमजला सुमारे 900 चौरस फुटांचा आहे. 2009 मध्ये मागच्या मोकळ्या जागेत पाच फूट पुढे जाऊन स्वयंपाकघर वाढवले, त्यासाठी मात्र कोणालाही विचारले नव्हते. आता धाकट्या भावाचे लग्न ठरले असल्याने वर तेवढाच मजला चढवायचा आहे. त्यासाठी वडिलांनी स्लॅबवर खांबांच्या सळ्या तेव्हाच सोडून ठेवल्या आहेत.

दुसरे काम गावाकडचे आहे. काटोल तालुक्यात आमचे दीड एकर संत्र्याचे शेत असून त्यात आजोबांच्या काळातील कोठा (गोठा) आहे : दगडी जोते, सागवानी खांब, कवेलूंचे छप्पर, साधारण 40 बाय 18 फूट. जनावरे विकून दहा वर्षे झाली. आई-वडिलांना आता तेथेच जाऊन राहायचे आहे, म्हणून भिंती नीट करून दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि संडास-न्हाणी काढण्याचा विचार आहे.

ठेकेदार म्हणतो, "भाऊ, या गल्लीत दहा घरांवर मजले चढले, नकाशा कोणाकडे आहे?" गावात सांगतात की ग्रामपंचायतीचे नाहरकत पत्र मिळाले की काम सुरू करावे. दोघांचेही बोलणे माझ्या फारच सोयीचे आहे आणि नेमकी त्याचीच मला धास्ती वाटते. दोन्ही कामांसाठी अर्ज नक्की कोणाकडे करावा आणि पहिला कागद कोणता काढावा, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त स्थापत्य अभियंता

आपल्या प्रश्नातील अवघड गोष्ट वरचा मजला नसून मागचे स्वयंपाकघर आहे, हे आधी लक्षात घ्यावे.

आर.एल. पत्र काढून पुन्हा वाचा. ते केवळ भूखंडाचे नियमितीकरण आहे की त्यात उभ्या बांधकामाचाही उल्लेख आहे, हे तपासणे सर्वांत महत्त्वाचे. भूखंडाचे आर.एल. हातात आले म्हणजे घरही मंजूर झाले, असे आपल्या शहरात हजारो लोक धरून चालतात. मालमत्ता कराच्या पावतीबद्दलही तोच गैरसमज आहे; कर भरल्याने बांधकाम अधिकृत ठरत नाही. त्यानंतर आखीव पत्रिका (भूखंडाच्या मालकीचा नगरभूमापन उतारा), आर.एल. आणि लेआउटचा नकाशा घेऊन महानगरपालिका (मनपा) व नासुप्र या दोन्ही ठिकाणच्या नगररचना विभागात जा आणि आपल्या लेआउटसाठी बांधकाम परवानगी कोण देते, याचे उत्तर लेखी घ्या. तोंडी उत्तरावर नकाशा काढायला देऊ नका.

आता क्षेत्रफळाचा हिशेब. मुंबईसारखे काही भाग वगळता राज्यभर डिसेंबर 2020 पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यानुसार बिगर-दाट वस्तीत मूळ एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधता येते ते प्रमाण) 1.10 मिळतो. आपला भूखंड 1,500 चौरस फुटांचा, म्हणजे मूळ मर्यादा 1,650. खाली 900 आणि वर 900 मिळून 1,800 होतात. वरचे दीडशे चौरस फूट अॅन्सिलरी, म्हणजे अधिमूल्य (जादा रक्कम) भरून मिळणाऱ्या पूरक एफएसआयमधून बसवावे लागतील. निवासी बांधकामाला तो 60 टक्क्यांपर्यंत घेता येतो आणि त्याचे अधिमूल्य रेडीरेकनरमधील (सरकारी दरपत्रकातील) जमिनीच्या दराशी बांधलेले असते. पूर्वी गॅलरीसारखे भाग मोजणीतून सुटत असत. आता ते सर्व एफएसआयमध्ये धरले जातात, त्यामुळे "गॅलरी फुकट" या जुन्या समजुतीवर आराखडा आखू नये. समोरचा रस्ता 9 मीटरपेक्षा कमी असेल तर जादा बांधकामाचे प्रीमियम एफएसआय (पैसे भरून) आणि टीडीआर (दुसरीकडचे विकास हक्क विकत घेऊन) हे दोन्ही मार्ग बंद होतात, म्हणून रस्त्याची रुंदी लेआउटच्या नकाशावरून घ्यावी, घरासमोर टेप लावून नव्हे.

आपला भूखंड 139 चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे 150 च्या आत आहे. नियमावलीत या गटासाठी सोपी वाट आहे : नियमांनुसार काढलेला नकाशा व कागदपत्रे सादर करून शुल्क भरले की पावतीच परवानगी मानली जाते. 150 ते 300 चौरस मीटरच्या भूखंडांना दहा दिवसांत परवाना देण्याची तरतूद आहे. वाट सोपी असली तरी जबाबदारी मालकावर आणि सही करणाऱ्या अभियंत्यावर येते. नकाशात मागची पाच फूट वाढ दाखवली तर सामासिक अंतर (भूखंडाच्या कडेला मोकळी सोडायची जागा) मोडलेले दिसणार. ती लपवली तर नकाशा खोटा ठरणार. म्हणून परवानाधारक अभियंत्याकडून आज जसे उभे आहे तसे मोजून नकाशा करून घ्या आणि मग ती वाढ तडजोड शुल्क (दंडाची रक्कम) भरून नियमित होते का, की पाडावी लागते, हे ठरवा. माझ्या अनुभवात सामासिक अंतरातील पक्के बांधकाम क्वचितच टिकते.

आणखी एक सापळा सांगून ठेवतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 45 प्रमाणे अर्जावर 60 दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. दलाल हे वाक्य इथपर्यंतच सांगतात. प्रस्ताव नियमांशी सुसंगत असेल तरच ही मानीव परवानगी उभी राहते, हे पुढचे अर्धे वाक्य ते गाळतात. मिळालेल्या परवान्याची मुदत एक वर्षाची असते आणि नूतनीकरण धरून एकूण चार वर्षांपर्यंत जाते, त्यामुळे पैशांची सोय नसताना घाईने परवाना काढून ठेवण्यात फारसा अर्थ नाही.

अयोध्यानगरचा रहिवासी

वरील सल्ल्याला माझ्या घरची साक्ष जोडतो. 2018 मध्ये आम्ही नकाशाविना पहिला मजला बांधला. नोटीस आली नाही, शेजाऱ्यांनी तक्रार केली नाही. ठेकेदाराचे म्हणणे खरे ठरले असेच वाटत होते. 2022 मध्ये मुलीच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवायला गेलो. बँकेच्या मूल्यांककाने दोन्ही मजले मोजले, फोटो काढले आणि अहवालात मूल्य केवळ जमिनीचे धरले. मंजूर नकाशा नाही, भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम पूर्ण झाल्यावर वापराचा दाखला) नाही, म्हणून बांधकामाचे मूल्य शून्य. ज्या मजल्यावर आयुष्याची बचत घातली, त्याच्या रकान्यात एक आडवी रेघ होती. त्या अधिकाऱ्याची चूक काढता येत नाही, राग मात्र अजून गेलेला नाही. आपण मजला कर्ज काढून बांधणार असाल तर बँक हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारेल.

संरचना अभियंता, प्रतापनगर

सळ्यांबद्दल कोणी लिहिलेले नाही म्हणून लिहितो. पंचवीस वर्षे पावसात उभ्या असलेल्या सळीवर हातोडीने हलके ठोकून पाहा. गंजाचा पापुद्रा बोटाएवढा निघाला तर 12 मिलिमीटरच्या सळीचा आत दहाही उरलेला नसतो. गंज सळीच्या मुळाशी, म्हणजे ती स्लॅबमध्ये शिरते तेथे सर्वांत जास्त असतो, कारण पाणी तेथेच साचते. अशा वेळी खांबाच्या माथ्याचे काँक्रीट फोडून चांगल्या सळीपर्यंत जावे लागते किंवा नव्या सळ्या रासायनिक अँकरने (काँक्रीटमध्ये भोक पाडून चिकटद्रव्याने) बसवाव्या लागतात. जुन्या सळीला नवी सळी तारेने बांधून खांब ओतणे, हे मी याच शहरात अनेकदा पाहिले आहे आणि प्रत्येक वेळी काम थांबवायला सांगितले आहे.

दुसरा प्रश्न पायाचा. आपल्याकडील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पाया खालच्या मुरमापर्यंत गेला आहे का, हे कोपऱ्यातील एका खांबाशेजारी खड्डा घेऊनच कळते. वडिलांना आठवत असले तरी खड्डा घ्याच. पाया बेताचा निघाला तर वरच्या भिंती विटांऐवजी हलक्या ब्लॉकच्या घेऊन भार कमी करता येतो.

घरासमोरून 11 केव्हीची (उच्च दाबाची) वीजतार जात असेल तर गॅलरी काढण्यापूर्वी तारेपासूनचे अंतर मोजावे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनुसार या तारेपासून आडवे अंतर किमान 1.2 मीटर आणि वरून जाणाऱ्या तारेचे उभे अंतर किमान 3.7 मीटर हवे, आणि ते भिंतीपासून नव्हे तर गॅलरीच्या बाहेरच्या कडेपासून मोजतात. तळमजल्याला तार दूर असते. मजला चढला की ती हाताशी येते. 2017 मध्ये शहरात हायटेन्शन तारेने मुलांचे बळी गेल्यानंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा विषय हाती घेतला होता, तो याच कारणाने.

पटवारी हलका (निवृत्त)

मी कोठ्यापुरते लिहितो. दुरुस्ती आणि वापरातील बदल या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. कवेलू बदलणे, त्याच उंचीवर छप्पर नव्याने घालणे, गिलावा, फरशी या कामांना परवानगी लागत नाही. कोठ्याचे राहते घर करणे हा मात्र वेगळा विषय आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत शेत-इमारतीची जी व्याख्या आहे, तीत गुरांचा निवारा, अवजारे, वैरण आणि शेतमाल यांच्या साठवणीबरोबर शेती करणाऱ्याच्या कुटुंबाचे राहणेही येते. म्हणजे शेतकरी स्वतःच्या शेतात शेतीच्या सोयीसाठी राहत असेल तर तो लगेच अकृषक (बिगरशेती) वापर ठरत नाही. आपले वडील सातबाऱ्यावर असतील आणि संत्र्याची राखण स्वतः करणार असतील तर आपली बाजू बरी आहे. विकास नियमावलीतही शेती विभागात फार्महाऊस बसते, त्यासाठी किमान 0.4 हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन लागते. आपली दीड एकर आहे, पण सातबारा काढून पाहा : ती दीड एकर वडिलांच्या एकट्याच्या नावे आहे की काका-आत्यांच्या सामाईक खात्यात? जमीन भोगवटादार वर्ग 2 ची (शासनाच्या अटींवर मिळालेली) निघाली तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरा मार्ग गावठाणाच्या जवळिकीचा. संहितेच्या कलम 42-ड मध्ये गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतील जमिनीला निवासी वापरासाठी सोय दिलेली आहे. ही सोय आज लागू आहे का आणि तिच्यासाठी काय भरावे लागते, हे तहसील कार्यालयात आधी विचारा. हे 200 मीटर गावातील शेवटच्या घरापासून मोजायचे नसून गावनकाशावरील गावठाणाच्या सीमेपासून मोजायचे आहेत. घरे सीमेच्या बाहेर पसरलेली असतात, त्यामुळे लोकांचा अंदाज चुकतो. माझ्या हलक्यात (माझ्याकडच्या गावांत) एका गृहस्थांनी शेवटच्या घराच्या ओट्यापासून दोरी धरली होती; नकाशावर त्यांचे शेत साडेतीनशे मीटरवर निघाले. भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून क-प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा) घ्या, म्हणजे वाद राहत नाही.

ग्रामपंचायतीचे म्हणाल तर गावठाणातील घराला तिची परवानगी चालते. आपला कोठा शेतात असल्याने तिचे नाहरकत पत्र हे केवळ नाहरकत पत्र आहे, परवानगी नव्हे. काटोल तालुका नागपूर महानगर प्रदेशाच्या बाहेर असल्याने आपल्याला एनएमआरडीएकडे (त्या प्रदेशाच्या विकास प्राधिकरणाकडे) जावे लागणार नाही. तहसील कार्यालय आणि नगररचना विभागाचे शाखा कार्यालय एवढ्यावर काम होईल. हिंगणा किंवा कामठीकडे शेत असते तर गोष्ट वेगळी होती.

एक लहानशी, पण महागात पडणारी गोष्ट राहिली. विहिरीवरील कृषिपंपाच्या जोडणीतून घराला वीज ओढू नका. विद्युत अधिनियम, 2003 च्या कलम 126 खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. घरगुती मीटर वेगळे घ्या.

मानेवाडाकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आर.एल. पत्र काल रात्रीच काढून वाचले. त्यात भूखंड क्रमांक, क्षेत्रफळ आणि भरलेली रक्कम एवढेच आहे; बांधकामाविषयी एक अक्षरही नाही. वडील बराच वेळ तो कागद उलटसुलट करून पाहत होते. कोपऱ्यातील दोन सळ्यांवर हातोडी मारली तर पापुद्रे निघालेच. पटवारी काका, सातबाऱ्यावर वडिलांबरोबर आत्याचेही नाव आहे, तिच्याशी रविवारी बोलणार आहोत. मागची भिंत आत घेण्याचा खर्च काढायला दुसरा ठेकेदार बोलावला आहे. पहिला नकाशाचे नाव काढताच फोन उचलेनासा झाला. शेताच्या मोजणीचा अर्ज संत्र्याचा आंबिया बहार उतरल्यावर करू, कारण तोपर्यंत बांधावर उभा राहायला घरचा माणूस मोकळा नाही.